जीन सॅराझेन : वाळूतून वाट काढणारा खेळाडू

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा समितीचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. बँकेत 36 वर्षं जे लिहिलं ते कर्जप्रस्ताव, टिपणी आणि ऑडिटला दिलेली उत्तरं. ते कोण वाचणार? सोसायटी कशी उभी राहिली, पहिल्या दोन वर्षांत टँकरसाठी रात्री कोण जागलं, लिफ्ट कधी आली, हे सगळं लिहायला माझ्यापेक्षा जुनी आणि जाणती मंडळी आहेत. मग सेक्रेटरीसाहेबच हसत म्हणाले की काका, तुम्ही वाळूवर लिहा. त्यांना काय म्हणायचं होतं ते बी विंगवाल्यांना लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो.

कंपाउंडच्या भिंतीचं काम निघालं होतं तेव्हा बी विंगच्या मागे वाळूचा एक ढीग महिना-दीड महिना पडून होता. मी रोज पहाटे साडेपाचला एक जुनी लोखंडी काठी घेऊन त्या ढिगावर उभा राहायचो आणि प्लॅस्टिकचे चेंडू वाळूतून उडवायचो. प्लॅस्टिकचे, कारण खऱ्या गोल्फच्या चेंडूने तळमजल्याच्या काचा गेल्या असत्या. तरीही वाळू पार्किंगमधल्या गाड्यांवर उडाली, तक्रार आली, आणि कमिटीच्या मीटिंगमध्ये माझं नाव अजेंड्यावर लागलं. सत्तरी उलटलेला माणूस पहाटे वाळूत काय करतो, हा प्रश्न रास्तच होता. मीटिंगमध्ये मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आता देतो. त्यासाठी एका माणसाची गोष्ट सांगावी लागेल.

त्याचं नाव जीन सॅराझेन. मला ते प्रथम कळलं एका छावणीच्या गावी, जिथे बँकेने मला शाखाधिकारी म्हणून पाठवलं होतं. तिथे लष्कराचं गोल्फचं मैदान होतं आणि आमचे एक खातेदार, निवृत्त कर्नलसाहेब, मला एका रविवारी आग्रहाने घेऊन गेले. माझा चेंडू बंकरमध्ये पडला. ज्यांना गोल्फ माहीत नाही त्यांच्यासाठी : बंकर म्हणजे मैदानात मुद्दाम खणून वाळू भरलेला खड्डा. चेंडू त्यात गेला की तो काठीने मारूनच बाहेर काढायचा, आणि प्रत्येक प्रयत्न हा एक फटका म्हणून मोजला जातो. या खेळात जितके फटके कमी तितकं चांगलं. मी नऊ वेळा मारलं. चेंडू जागचा हलला तो आणखी खोल जाण्यासाठी. दहाव्यांदा हाताने उचलून बाहेर ठेवला. कर्नलसाहेब हसले नाहीत. ते बाकावर बसले आणि त्यांनी मला सॅराझेनची हकिकत सांगितली. पुढे मिळेल तिथून मी त्याच्याबद्दल वाचत गेलो.

जन्म 27 फेब्रुवारी 1902, न्यूयॉर्कजवळच्या हॅरिसन गावचा. खरं नाव युजेनिओ साराचेनी. आईवडील इटलीहून आलेले. वडील फेडेरिको हे एके काळी धर्मगुरू होण्यासाठी शिकलेले, पण परक्या देशात येऊन सुतारकाम करत होते. घरात पैसा जेमतेम. आठव्या वर्षापासून पोरगा जवळच्या क्लबात कॅडी म्हणून जाऊ लागला. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहून नेणारा. त्या काळी अमेरिकेत गोल्फ हा पैसेवाल्यांचा खेळ, आणि कॅडी मागच्या दाराने ये-जा करणारा. वडिलांना हा नाद पसंत नव्हता. त्यांना मुलाने रंधा आणि करवत हातात धरायला हवी होती. शाळाही अर्धवट सुटली.

1913 मध्ये फ्रान्सिस विमेट नावाच्या 20 वर्षांच्या पोराने अमेरिकन ओपन स्पर्धेत इंग्लंडच्या दोन नामांकित खेळाडूंना हरवलं. हा विमेटही पूर्वी कॅडी होता. ही बातमी अमेरिकेतल्या सगळ्या कॅडी पोरांना लागली तशी युजेनिओलाही लागली. कॅडीसुद्धा जिंकू शकतो, हे तोवर त्यांच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नसावं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात तो ब्रिजपोर्ट गावी एका शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात कामाला लागला. तिथे थंडीत न्यूमोनिया झाला, फुफ्फुसाभोवती पू झाला, आणि पोरगा महिनोन् महिने इस्पितळात पडून राहिला. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं. आसपासच्या खाटांवरची माणसं जात होती. तो वाचला, पण डॉक्टरांनी बजावलं की बंद खोलीत धूळ खात काम केलंस तर टिकणार नाहीस, उघड्या हवेतलं हलकं काम बघ. सुतारकाम आपोआप बाद झालं. वडिलांचा विरोध ज्या गोष्टीने मोडला ती ही अशी.

उघड्या हवेतलं काम म्हणजे त्याला गोल्फच माहीत होतं. ब्रिजपोर्टच्या सार्वजनिक मैदानावर त्याने एकदा एका फटक्यात चेंडू खळगीत घातला आणि पेपरात नाव छापून आलं. ते छापील नाव वाचून त्यालाच वाटलं की हे एखाद्या व्हायोलिन वाजवणाऱ्याचं नाव वाटतं, खेळाडूचं नाही. म्हणून त्याने स्वतःच जीन सॅराझेन असं नवं नाव तयार केलं. आमच्या बँकेत नाव बदलायचं तर गॅझेट आणि प्रतिज्ञापत्र लागायचं.

पुढचं फार झपाट्याने झालं. 1922 मध्ये, वयाच्या 20 व्या वर्षी, शिकागोजवळच्या स्कोकी क्लबात तो अमेरिकन ओपन जिंकला. शेवटच्या फेरीत 68 फटके, एकूण 288. एका फटक्याने मागे राहिलेल्यांत बॉबी जोन्स होता, जो पुढे त्या युगाचा सर्वांत मोठा खेळाडू ठरला. बक्षीस होतं 500 डॉलर. त्याच वर्षी व्यावसायिकांची पीजीए स्पर्धा जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली, तीही वॉल्टर हेगनला अंतिम सामन्यात जादा खळग्यांवर हरवून. उंची साडेपाच फुटांच्या आसपास, गुडघ्याखाली चापून बसणारी ढगळ विजार आणि टाय असा वेष. हा वेष त्याने जन्मभर सोडला नाही.

मग पाय जमिनीवर आले. 1923 मध्ये तो मोठ्या दिमाखात स्कॉटलंडला ट्रूनला ब्रिटिश ओपन खेळायला गेला. पात्रता फेरीच्या दुसऱ्या दिवशी समुद्रावरून असं वादळ आलं की उभं राहता येईना. अमेरिकेचा विजेता पात्रताच मिळवू शकला नाही. एका फटक्याने राहिला. पोहत यावं लागलं तरी परत येईन, असं तो तेव्हा म्हणाला होता. ट्रूनचं नाव वाचकांनी लक्षात ठेवावं, शेवटी पुन्हा येणार आहे.

त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षं त्याला मोठी स्पर्धा जिंकता आली नाही. म्हणजे खेळत होता, छोट्या स्पर्धा जिंकत होता, चार पैसे मिळवत होता. 1924 मध्ये लग्न झालं, मेरी त्याच्या बायकोचं नाव. पण मोठी स्पर्धा हातात येता येता निसटायची. कारणं अनेक असतील. त्यातलं एक त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. तो वाळूत कच्चा होता. चेंडू बंकरमध्ये गेला की त्याच्या पोटात गोळा यायचा. आणि जो वाळूला भितो तो वाळूपासून लांब मारायला जातो, त्यामुळे त्याचे चांगल्या जागेवरचे फटकेही बिघडतात. माझं स्वतःचं हेच झालं होतं, म्हणून हे मी अधिकाराने लिहितो. गोल्फमधला माझा अधिकार एवढ्यापुरताच.

आता 1928 सालची एक गोष्ट. इंग्लंडात केंट परगण्यात सँडविच नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, तिथे ब्रिटिश ओपन होती. वॉल्टर हेगनने मित्रत्वाने आपला नेहमीचा कॅडी सॅराझेनला दिला. या कॅडीचं नाव डॅनियल्स, सगळे त्याला स्किप म्हणत. साठी उलटलेला म्हातारा, पण त्या मैदानांची इंच न् इंच माहिती असलेला. दुसऱ्या फेरीत चौदाव्या खळगीवर, जिला सुएझ कालवा म्हणतात, सॅराझेनचा चेंडू गवतात गेला. डॅनियल्सने लोखंडी काठी पुढे केली : आधी सुखरूप बाहेर पड. सॅराझेनला लांब मारायचं होतं. त्याने लाकडी काठी मागितली. चेंडू गवतातच राहिला. त्या एका खळगीला सात फटके लागले. स्पर्धा संपली तेव्हा हेगन 292 वर पहिला आणि सॅराझेन 294 वर दुसरा होता. दोन फटक्यांचं अंतर, आणि ते कुठे गेले हे दोघांनाही माहीत होतं. म्हाताऱ्याने दोष दिला नाही. उलट, मरण्यापूर्वी तुला ही स्पर्धा जिंकून देईन असं काहीसं तो बोलून गेला.

वाळूचं कोडं सुटलं ते 1931 च्या सुमारास. तेव्हा सॅराझेन हिवाळ्यात फ्लॉरिडात न्यू पोर्ट रिची या गावी राहायचा. त्या काळात बंकरमध्ये निब्लिक नावाची काठी वापरत. तिचं पातं तिरपं खरं, पण खालची कड पातळ आणि धारदार. खुरप्याने माती खणावी तशी ती वाळूत घुसायची आणि अडकायची. अडकली की चेंडू तिथेच. आणि अडकू नये म्हणून वरच्यावर मारावं तर काठी थेट चेंडूवर बसायची आणि तो पलीकडच्या बंकरमध्ये. चमच्यासारख्या खोलगट पात्याची एक काठी त्याआधी निघाली होती, पण ती नियमबाह्य ठरली.

सॅराझेन स्वतः पुढे अनेकदा सांगायचा ती हकिकत अशी. तो विमान चालवायला शिकत होता. हॉवर्ड ह्यूज, म्हणजे तोच तो लक्षाधीश, सिनेमे काढणारा आणि विमानं उडवणारा, त्याच्या ओळखीचा होता. विमान उडताना शेपटीकडचा भाग खाली दबतो आणि नाक वर उचललं जातं, हे पाहताना सॅराझेनच्या डोक्यात निब्लिक आली. काठीचा मागचा भाग जर पुढच्या कडेपेक्षा खाली असेल तर वाळूत आधी तो टेकेल, आणि धारदार कड वर उचललेली राहील. काठी खणणार नाही, घसरत जाईल.

आपल्याकडे गवंडी गिलाव्यावर थापी फिरवतो ती आठवा. थापीची कड पुढून किंचित उचललेली असते म्हणून ती मालावरून सरकते. कड खाली दाबली की लगेच रुतते. नेमका हाच फरक.

त्याने निब्लिक मिळवल्या, पात्याच्या मागच्या बाजूला तळाशी शिसं डाख देऊन चिकटवलं आणि कानशीने घासायला बसला. वडिलांनी सुताराचा हात दिला होताच. थोडं शिसं लावायचं, बंकरमध्ये जायचं, मारून बघायचं, परत येऊन घासायचं, पुन्हा जायचं. कोन थोडा जास्त झाला की काठी वाळूवर आपटून उसळायची, कमी झाला की खणायची. दिवसाचे तासन् तास तो वाळूत उभा असायचा. लोकांना वाटायचं की एवढा विजेता खेळाडू, आणि लहान पोरासारखा वाळूत काय खेळतोय. मला ही ओळ लिहिताना आपल्या मीटिंगचा अजेंडा आठवला, असो.

त्या सरावातून जी पद्धत बसली ती आज जगभर शिकवतात. बंकरमध्ये चेंडूला मारायचंच नाही. चेंडूच्या मागे बोटभर-दोन बोटं अंतरावर वाळूत मारायचं. काठी चेंडूखालून सरकत पुढे निघते, वाळूची एक पोळी उचलली जाते आणि चेंडू त्या पोळीवर बसून बाहेर येतो. काठीचं तोंड थोडं आकाशाकडे उघडं ठेवायचं, पाय वाळूत जरा रुतवून घट्ट उभं राहायचं, वजन पुढच्या पायावर. मारण्यापूर्वी काठी वाळूला टेकवायची नाही, नाहीतर दंड. आणि सगळ्यात अवघड म्हणजे हात मध्येच थांबवायचा नाही. भिणारा माणूस वाळूत काठी गेली की हात आखडता घेतो, कारण त्याला वाटतं जोर जास्त झाला. काठी पूर्ण पुढे गेली तरच चेंडू निघतो. कर्नलसाहेबांनी मला हे पन्नास वेळा सांगितलं आणि पन्नास वेळा माझा हात आखडला.

सॅराझेनच्या बाबतीत मात्र काही महिन्यांनी असं झालं की बंकरमधून एका फटक्यात बाहेर आणि दुसऱ्यात खळगीत, यावर तो पैज लावायला तयार होता. ज्या वाळूची धास्ती होती तीच त्याला साध्या गवतापेक्षा सोपी वाटायला लागली. वाळूसाठीची काठी काढण्याचे प्रयत्न आधीही इतरांनी केले होते, पण आज जी सँड वेज म्हणून प्रत्येक पिशवीत असते तिचा घाट त्याच्या या डाख दिलेल्या निब्लिकवरून आला. विल्सन कंपनीशी त्याचा करार होता, काठी कंपनीने बाजारात आणली. पेटंट त्याच्या नावावर झालं नाही. बँकेच्या नजरेने पाहिलं तर हा माणूस केवढं उत्पन्न सोडून बसला, असं माझ्या मनात येतंच.

1932 ची ब्रिटिश ओपन पुन्हा सँडविचलाच होती, शेजारच्या प्रिन्सेस क्लबच्या मैदानावर. सॅराझेन नवी काठी घेऊन बोटीने गेला. तिथल्या पंचांनी स्पर्धेआधी ती पाहिली तर ते बंदी घालतील, अशी त्याला भीती. म्हणून सरावात ती पिशवीत उलटी, पातं खाली करून ठेवायचा आणि संध्याकाळी कोटाखाली लपवून मुक्कामी न्यायचा. यात लबाडी किती आणि सावधपणा किती, यावर माझा आणि कर्नलसाहेबांचा वाद झाला होता. काठी नियमात बसत होती, हे त्यांचं म्हणणं. मग लपवली कशाला, हे माझं. ऑडिटवाल्यांची सवय, दुसरं काय.

पण त्या आठवड्यात त्याच्यापुढे काठीपेक्षा मोठा प्रश्न उभा होता. डॅनियल्स त्याची वाट पाहत थांबला होता. चार वर्षांत म्हातारा फार खचला होता. चालताना लंगडायचा, नजर अधू झाली होती. सॅराझेनला तिथल्या जाणत्यांनी सल्ला दिला की हा आता चालायचा नाही, तरुण कॅडी घे. सॅराझेनने ऐकलं. म्हाताऱ्याला नाही म्हणून सांगितलं आणि तो मान खाली घालून गेला.

बँकेत मी अशी नाही फार वेळा सांगितली आहेत. हिशेबाने सगळी बरोबरच होती.

तरुण कॅडीबरोबर सॅराझेनचा सराव बिनसला. पोरगा हुशार होता पण त्याचं आणि याचं जमेना, काठीची निवड चुकायची, फटके विस्कळीत झाले. स्पर्धा तोंडावर आली. तेव्हा त्याने डॅनियल्सला परत बोलावलं. म्हाताऱ्याने रागलोभ काही दाखवला नाही, पिशवी उचलली. सॅराझेनने या वेळी एक गोष्ट केली : जी काठी डॅनियल्स हातात देईल ती घेऊन मारायची. फेऱ्या झाल्या 70, 69, 70 आणि 74. एकूण 283, तोवरच्या ब्रिटिश ओपनमधला विक्रम. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तो पुढे होता आणि पाच फटक्यांनी जिंकला. बंकरमध्ये चेंडू जात होते, लपवून आणलेली काठी ते बाहेर काढत होती, आणि कोणी हरकत घेतली नाही.

बक्षीस समारंभाला डॅनियल्स आपल्या शेजारी उभा असावा, अशी त्याची विनंती होती. कॅडीने तिथे उभं राहण्याची रीत नाही, असं क्लबच्या मंडळींनी सांगितलं. डॅनियल्स नातवंडांना सायकलवर बसवून समारंभ पाहायला आला, तो बाकीच्या लोकांत उभा राहिला. सॅराझेनने त्याला आपला उंची कोट दिला. काही महिन्यांतच म्हातारा वारला, ही बातमी त्याला अमेरिकेत कळली. विजेत्याचं बक्षीस 100 पौंड होतं. ते कशावर खर्च झालं ते मला ठाऊक नाही, पण त्या कोटाबद्दल मी वाचलेल्या प्रत्येक लेखात उल्लेख आहे.

दोनच आठवड्यांनी अमेरिकन ओपन होती, न्यूयॉर्कच्या फ्रेश मेडो क्लबात. या क्लबात तो पूर्वी पाच-सहा वर्षं नोकरीला होता. आपल्याच क्लबात माणूस जिंकत नाही असा समज होता, आणि 1930 मध्ये त्याच मैदानावर पीजीएच्या अंतिम सामन्यात तो हरलाही होता. पहिले दोन दिवस तो जपून खेळला, 74 आणि 76. जपून खेळून काही होत नाही हे तिसऱ्या फेरीच्या मध्यावर लक्षात आलं, आणि मग त्याने जपणं सोडलं. शेवटच्या 28 खळग्या त्याने 100 फटक्यांत पुऱ्या केल्या. अखेरची फेरी 66. एकूण 286, विजय तीन फटक्यांनी. हिरवळीच्या कडेला बंकर दिसला तरी थेट निशाणाकडे मारायचं, पडला वाळूत तर पडू दे, अशी त्याची मनःस्थिती झाली होती.

वाळूने सूड घेतलाच नाही असं मात्र नाही. 1933 मध्ये स्कॉटलंडात सेंट अँड्र्यूजला तो ब्रिटिश ओपन राखायला गेला. तिथे नरक नावाचाच एक प्रचंड बंकर आहे, चौदाव्या खळगीच्या वाटेवर. त्यात त्याचा चेंडू अडकला आणि त्या खळगीला आठ फटके गेले. आणखी एका बंकरने अकराव्या खळगीवर आधीच वसुली केली होती. शेवटी पहिल्या स्थानासाठी जी बरोबरी झाली तिच्यात यायला त्याला एक फटका जास्त झाला. काठी त्याचीच, पद्धत त्याचीच, तरी असं. त्याच वर्षी त्याने तिसऱ्यांदा पीजीए जिंकली.

1935 मध्ये जॉर्जिया राज्यात ऑगस्टा इथे, जिला आता मास्टर्स म्हणतात त्या स्पर्धेत, त्याने एक फटका मारला ज्याबद्दल गोल्फवाले अजून बोलतात. शेवटच्या फेरीत तो तीन फटके मागे होता. क्रेग वुड खेळ संपवून आत बसला होता आणि त्याच्या नावाचा चेक तयार झाला होता म्हणतात. पंधराव्या खळगीला पाच फटके अपेक्षित. सॅराझेनने सुमारे 235 यार्डांवरून, समोरच्या तळ्यावरून, दुसराच फटका मारला तो सरळ खळगीत गेला. तीन फटक्यांची भरपाई एका फटक्यात झाली. पाहायला जेमतेम वीस-पंचवीस माणसं होती, त्यांत बॉबी जोन्स होता. दुसऱ्या दिवशी 36 खळग्यांची जादा फेरी झाली आणि सॅराझेन पाच फटक्यांनी जिंकला. चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा तो पहिला, जरी त्या वेळी कोणी तसं मोजत नव्हतं. लोक त्याला या फटक्यासाठी ओळखतात. पण तो फटका नशिबाचा भाग होता, असं माझं मत. वाळूतले महिने नशिबाचे नव्हते.

मोठ्या स्पर्धा सात झाल्या. पुढे त्याने न्यूयॉर्क राज्यात जर्मनटाऊनला शेती घेतली, लोक त्याला गावचा जमीनदार अशा अर्थाने स्क्वायर म्हणू लागले. साठच्या दशकात टीव्हीवर देशोदेशीच्या मैदानांचा कार्यक्रम तो सादर करायचा. 1986 मध्ये मेरी गेली. ऑगस्टाला दर एप्रिलमध्ये स्पर्धेचा पहिला मानाचा फटका मारायला तो जात राहिला, शेवटचा एप्रिल 1999 मध्ये मारला. पुढच्याच महिन्यात, 13 मे 1999 ला, फ्लॉरिडात 97 व्या वर्षी तो वारला. सोळा-सतराव्या वर्षी डॉक्टरांनी ज्याला आयुष्याची खात्री दिली नव्हती तो.

आता ट्रून. 1923 च्या त्या वादळाला 50 वर्षं झाल्यावर, 1973 मध्ये, तो ट्रूनच्या ब्रिटिश ओपनमध्ये पाहुणा म्हणून खेळला. वय 71. तिथली आठवी खळगी 126 यार्डांची, इतकी लहान की तिला पोस्टाचं तिकीट म्हणतात, आणि चहूबाजूंनी खोल बंकर. पहिल्या दिवशी त्याने पाच नंबरच्या लोखंडी काठीने मारलं आणि चेंडू एका फटक्यात खळगीत गेला. टीव्हीवर तो सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याच खळगीवर त्याचा चेंडू बंकरमध्ये पडला. तो वाळूत उतरला, पाय रुतवले आणि मारलं. चेंडू वाळूतून निघाला, हिरवळीवर टेकला आणि खळगीत गेला. दोन दिवसांत ती खळगी त्याने तीन फटक्यांत संपवली, हिरवळीवरची काठी पिशवीतून काढावीच लागली नाही. लोक पहिल्या दिवसाची गोष्ट सांगतात. कर्नलसाहेब दुसऱ्या दिवसाची सांगायचे.

त्यांनी माझ्या बदलीच्या वेळी त्यांची जुनी सँड वेज मला दिली. पुढच्या शाखांच्या गावी गोल्फचं मैदान नव्हतं, मग निवृत्ती आली, गुडघे गेले, आणि काठी माळ्यावर राहिली. बी विंगमागे वाळूचा ढीग दिसला त्या दिवशी ती खाली काढली. एकविसाव्या पहाटे हात न आखडता काठी पुढे गेली आणि प्लॅस्टिकचा चेंडू भिंतीपलीकडे पडला. त्याच आठवड्यात कंत्राटदाराने उरलेली वाळू उचलली.

ज्यांच्या गाड्यांवर वाळू उडाली त्यांची माफी मागतो. काठी घरीच आहे. आपल्यापैकी कोणाच्या मुलामुलीला बघायची, हातात घेऊन पाहायची असेल तर संध्याकाळी पाचनंतर यावं. प्लॅस्टिकचे चेंडू सहा आहेत, सातवा भिंतीपलीकडेच आहे.